बादबाईंनी पास केलेली काच

कारखान्यात त्यांना सगळे बादबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नवखा आडनावाने हाक मारी तर त्या वळूनही बघत नसत. एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळांना लागणारी काच तपासली. शाळेच्या पुस्तकात ज्यांना चंचुपात्र म्हणतात आणि कारखान्यात नुसतं बीकर, ती भांडी, लांब मानेचे चंबू आणि परीक्षानळ्या. मागे काळं कापड, बाजूला दिवा आणि मध्ये बाई. भांडं हातात घ्यायचं, दिव्यासमोर एकदा सावकाश फिरवायचं, काठावरून अंगठा न्यायचा, नखाने टिचकी मारून नाद ऐकायचा. बुडबुडा, ओरखडा, केसाएवढा तडा, काहीही सापडलं की लाल मेणाच्या पेन्सिलीने वर फुली, आणि तोंडाने एकच शब्द: "बाद!"

तेवढ्यावर भागलं असतं तर बाई नुसत्या कडक म्हणून लोकांच्या लक्षात राहिल्या असत्या. बाद माल दिवसाअखेर पिंपात फोडून टाकायचा असा नियम होता, आणि ते काम खरं तर हमालाचं. बादबाई ते स्वतः करत. ज्याने भांडं फुंकलं त्या कारागिराला बोलावून घेत, त्याच्या डोळ्यांदेखत हातोडी घालत आणि वर विचारत, "तुमच्या पोरीला यातून औषध पाजाल का?" एका म्हाताऱ्या कारागिराचा निवृत्तीआधीचा शेवटचा महिना होता. छातीत दम राहिला नव्हता, काच जाड-पातळ येत होती. बाईंनी त्याची चाळीस भांडी एका संध्याकाळी त्याला समोर उभं करून फोडली. तो टोपी हातात धरून उभा होता. शेवटचं भांडं फोडून झाल्यावर बाई म्हणाल्या, "फुंकर संपली की माणसाने घरी बसावं." म्हातारा गेला, आणि बाईंनी हात धुतले. त्यांना त्या रात्री झोप छान लागली असणार, यात मला तरी शंका नाही.

घरी तरी दुसरं काय होणार? काळं कापड आणि दिवा तेवढा कारखान्यात राहायचा, नजर घरी यायची. यजमान लवकर वारले. कारखान्यात म्हणत, तपासणीत टिकले नाहीत. एकुलती एक लेक मात्र टिकली, कारण पोरांना पळून जायची सोय नसते. तिच्या वहीवर लाल फुल्या, तिच्या वेणीवर फुली, तिच्या मैत्रिणींवर फुली. लग्नाचं वय झालं तेव्हा पहिला मुलगा हसताना हिरड्या दाखवतो म्हणून बाद. दुसरा बसताना खुर्ची पुसून बसला, म्हणजे संशयी, म्हणून बाद. असं करता करता लेक चौतिशीला आली आणि मग तिने स्वतःच एक शोधून आणला. तो मोटार शिकवणाऱ्या शाळेत शिक्षक होता. भला माणूस होता, जरा भित्रा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याला एक खोड लागली होती: कुठेही दचकला की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा.

बाईंनी त्याला समोर बसवून पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "ठीक आहे. सेकंडच्या मालाला सेकंडचंच गिऱ्हाईक मिळायचं."

तो हसला, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा पाय मात्र जमिनीवर दाबला गेला. लेक हसली नाही. तिने आईकडे एकदा पाहिलं आणि कप उचलून आत नेले.

हे सगळं होऊन गेलं. बाई निवृत्त झाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी एका सकाळी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे नाहीसे झाले. घड्याळाची गोल कड दिसत होती, भिंत दिसत होती, मधोमध मात्र कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं पुसट. बाईंनी घड्याळ पुसलं. मग चष्मा पुसला. मग खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, "नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसत राहील. वाचणं, बारीक काम, चेहरे ओळखणं, हे आता विसरा." त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं. बाईंनी कागदाची घडी केली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवून ठेवली. त्या दिवसापासून त्या माणसांकडे तिरकं बघू लागल्या, कारण सरळ बघितलं की माणसाचं तोंडच गायब व्हायचं. लोकांना वाटलं, बाईंचा तोरा वाढला. बाईंना ते सोयीचं पडलं. जिन्याच्या पायऱ्या मोजून पाठ केल्या, डबे आकारावरून लावले, भाजीवाल्याला "तूच निवड, मला कशाला चिवडायला लावतोस?" असं दरडावलं की तो बिचारा चांगलीच देई.

लेकीला हे कळू द्यायचं नव्हतं. का, तेही सांगतो. लेक त्याआधीच एकदा म्हणून गेली होती, "आई, तू धडधाकट आहेस तोवर इथे राहा. ज्या दिवशी तुला दिसेनासं होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला निवासात ठेवणार. आमच्याकडे जागा नाही, आणि असती तरी..." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं होतं. निवास म्हणजे शहराच्या टोकाला असलेली म्हाताऱ्या माणसांची जागा. बाई तिथे एकदा जाऊन आल्या होत्या, त्यांच्याबरोबर काम केलेली एक पॅकिंगवाली तिथे होती म्हणून. एका खोलीत चार खाटा. पाणी प्यायला प्लॅस्टिकचे पेले, प्रत्येकावर खाटेचा नंबर. "काच चालत नाही इथे," पॅकिंगवाली म्हणाली होती, "आम्ही फोडतो म्हणे." आणि तोंड उघडून हसली होती. बादबाई त्या दिवशी घरी आल्या त्या मनाशी ठरवूनच: मरेन, पण इथून हलणार नाही.

दर रविवारी लेक आणि जावई येत. जावयाला कॉफीचं वेड. बाई पातेल्यात दूध-पाणी उकळून कॉफी करत, आणि अलीकडे दोनदा ती उतू गेली होती. लेकीने शेगडीवरचा करपलेला डाग बोटाने खरवडून पाहिला होता. पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाली, "आई, आपण फ्रेंच प्रेस घेऊ."

"ते काय असतं?"

"कॉफीचं भांडं. जाडसर दळलेली कॉफी टाकायची, उकळतं पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं. मग वरचा दट्ट्या खाली दाबला की जाळीखाली चोथा राहतो आणि वर कॉफी. गाळायला नको, उतू जायला नको."

"असलं काचेचं असतं का?"

"काचेचं असतं, स्टीलचं असतं. तूच निवड. काच म्हणजे तुझा प्रांत."

यात मेख होती की नव्हती, देव जाणे. पण चोराच्या मनात चांदणं. बाईंना ती दिसली. नाही म्हटलं तर लेक विचारणार, का नको? म्हणून बाई चप्पल घालून निघाल्या. जावई म्हणाला मी घरीच थांबतो, पेपर वाचतो.

दुकान भांड्याकुंड्यांचं, लांबट आणि उजेडाचं. विक्रेता पोक्त, गोडबोल्या माणूस होता. त्याने आधी स्टीलचा प्रेस काढला. "आजी, हा घ्या. दुहेरी भिंतीचा आहे. कॉफी तासभर गरम राहते, आणि आयुष्यात फुटायचा नाही."

"स्टीलचाच घे ना, आई," लेक म्हणाली. "हातातून पडला तरी काळजी नाही."

हे वाक्य लेकीने मायेने म्हटलं असेल, नसेल. बाईंच्या कानाला त्यात फक्त 'हातातून पडला' एवढंच लागलं. "माझ्या हातातून काय पडलंय आजपर्यंत?" त्या म्हणाल्या. "स्टीलमध्ये तपासायचं काय? आत काय चाललंय ते दिसत नाही, कसं धुतलंय ते दिसत नाही. स्टील घेतात ते लोक ज्यांना काच कळत नाही. बाद!"

विक्रेता हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मग त्याने विचारलं, किती जणांसाठी? साडेतीनशे मिलीचा एकट्या माणसाला, सहाशेचा तिघांना, लिटरचा पाहुणेरावळे असतील तर. "सहाशे," लेक म्हणाली, आणि विक्रेत्याने सहाशेचे तीन काचेचे प्रेस ओळीने काउंटरवर मांडले.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाईंनी पहिला प्रेस उचलला, झाकण काढलं, जाळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. "तार सुटलीय इथे. चोथा वर येणार. बाद." विक्रेत्याने चष्मा लावून पाहिलं. खरंच एक तार सुटली होती. दुसऱ्या प्रेसचा दट्ट्या खालीवर केला, कान जवळ नेला. "एका बाजूला घासतोय. दांडा वाकडा आहे. चार महिन्यांत काचेला ओरखडे पडतील. बाद." विक्रेत्याने दांडा उजेडात धरला. वाकडा होता. आता दुकानातली दोन गिऱ्हाइकंही थांबून बघू लागली. "आजी, तुम्ही काय करत होतात?" विक्रेत्याने विचारलं.

"डोळ्यांत तेल घालून एकतीस वर्षं हेच," बाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना अंगात बळ आल्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं, जिंकले. वाटू द्या. माणूस घसरतो तो असल्याच पायरीवर.

तिसरा उचलला. जाळी नीट. दट्ट्या सरळ, अलगद खाली जाणारा. काठ गुळगुळीत, चोच एकसारखी. टिचकी मारली. ठक्. बद्द आवाज. कारखान्यात हा आवाज आला असता तर भांडं दिव्यापर्यंतही गेलं नसतं, कारण बद्द वाजणारी काच म्हणजे तडकलेली काच. पण प्रेसची काच उघडी नसते. तिला धातूची चौकट चारी बाजूंनी घट्ट धरून असते, आणि चौकटीतली काच चांगली असली तरी बद्दच वाजते. पहिल्या दोघांना जाता जाता मारलेली टिचकीही तशीच वाजली होती. बाईंना हे समजत होतं. यावर उपायही त्यांना माहीत होता: मुठीजवळचा बारीक स्क्रू काढायचा, काच चौकटीतून बाहेर घ्यायची, मग टिचकी मारायची. पूर्वीच्या बादबाईंनी दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतं. पण तो स्क्रू मुगाच्या दाण्याएवढा होता. तो काढा म्हटलं असतं तर विक्रेत्याने "हे घ्या, आजी" म्हणून पेचकस त्यांच्याच हातात दिला असता. एवढी जाणकार बाई, दुसरं कोण करणार? आणि मग तो पेचकस स्क्रूच्या आसपास चाचपडताना लेकीने पाहिला असता.

म्हणून बाईंनी स्क्रूचं नावच काढलं नाही. त्यांनी प्रेस दोन्ही हातांनी उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एक पूर्ण वेढा सावकाश फिरवला, जसा हजारो वेळा फिरवला होता. मुठीच्या आतल्या बाजूने, चौकटीच्या पट्टीखालून निघून तळापर्यंत गेलेला बोटभर लांब तडा त्यांच्या डोळ्यांच्या अगदी समोरून गेला. समोरचंच तर त्यांना दिसत नव्हतं.

"पास," बाई म्हणाल्या.

बघ्यांपैकी एकाने टाळी वाजवली. लेक म्हणाली, "तू बस त्या खुर्चीवर, मी पैसे देऊन येते." बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पैसे द्यायची जागा आठदहा पावलांवर होती. लेकीला वाटलं असणार, एवढ्या लांबून काय ऐकू येतंय. पण जिने जन्मभर काचेचा नाद ऐकला तिचे कान असे तसे नव्हते.

"ताई," विक्रेता हळू आवाजात म्हणाला, "रागावू नका, पण याला तडा आहे. मुठीच्या मागे बघा. आजींच्या लक्षात आलं नाही. मी दुसरा काढून देतो, आतून."

लेकीने मुठीच्या मागे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "दिसतोय मला."

"मग दुसरा देऊ ना?"

"नको. तोच बांधा."

"अहो ताई, उकळतं पाणी ओतायचं यात..."

"आईने निवडलाय. तोच बांधा."

नजरेतून तडा सुटला, याची बाईंना आधी लाज वाटली. लेकीच्या बोलण्याचा अर्थ त्यानंतर पोचला. लेकीला कळलं होतं. आज कळलं होतं की केव्हाचंच, कोण जाणे, पण कळलं होतं, आणि तरी ती काही न बोलता तडकलेलं भांडं बांधून घेत होती. बाईंना उठून म्हणता आलं असतं, "थांबा, पुन्हा बघते." एक वाक्य. पण मग पुन्हा बघावं लागलं असतं, आणि पुन्हा बघून दिसणार काय? त्या खुर्चीवर बसून राहिल्या. गुडघ्यांवरचे हात त्यांनी पिशवीखाली घेतले.

रस्त्यात लेकीने विचारलं, "नीट बघितलास ना, आई?"

"मला विचारतेस? एकतीस वर्षं बघितलंय."

"नाही, आपलं विचारलं."

सिग्नलपाशी लेकीने त्यांचा दंड धरला नाही. बाईंनी शेजारच्या माणसांची पावलं ऐकली आणि त्यांच्यासोबत रस्ता ओलांडला. जिन्याच्या बावीस पायऱ्या मोजल्या. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. घरात जावई पेपर तोंडावर घेऊन पेंगत होता, तो दचकून उठला, पाय जमिनीवर दाबला आणि म्हणाला, "अरे वा, आणलात?"

"आईने निवडलाय," लेक म्हणाली, "आणि आज कॉफीही आईच करणार."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते, एकाच वळणाचे. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. लेकीने खोकं उघडलं, प्रेस विसळला, पुसला आणि ओट्यावर आईपुढे ठेवला. किटली चढवली. पुड्यातली जाडसर कॉफी मोजून तीन चमचे घातली. सगळं तिने केलं, फक्त पाणी ओतायचं आईवर ठेवलं. किटली सूं-सूं करू लागली.

"काही सांगायचंय का, आई?" लेकीने विचारलं. आवाज सरळ होता.

"काय सांगायचं?"

"काही असेल तर."

"काही नाही."

बाईंना वाटत होतं, ही आता म्हणेल, थांब. पोटची पोर आहे. कितीही झालं तरी उकळतं पाणी आहे, ही मला ओतू देणार नाही. आणि लेक वाट बघत होती की आई आता म्हणेल, मला दिसत नाही गं. उभ्या आयुष्यात एकदा तरी म्हणेल. दोघींपैकी कुणी जरा सैल झालं असतं तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण खाण तशी माती. किटलीचा सूर चढला, झाकण थडथडलं, आणि बाईंनी फडक्याने मूठ धरून किटली उचलली.

डाव्या हाताने प्रेसचा काठ शोधला. अंतर बोटांनी मोजलं. लेक एक पाऊल मागे सरकली. बाईंनी ते ऐकलं. मागे सरकली म्हणजे तिला माहीत होतं पाणी कुठे जाणार ते. तरीही बाईंनी ओतलं.

काच टिकली. आत कॉफीचा फेस वर आला, वास सुटला. बाईंनी किटली खाली ठेवली आणि मोठा श्वास सोडला. त्यांना वाटलं, चुकला असेल विक्रेता. वरवरचा ओरखडा असेल. माझा 'पास' खोटा ठरला नाही. चार मिनिटं दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. लेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि एकदा तिने मुद्दाम विचारलं, "किती झाली, आई?"

"तीन," बाई म्हणाल्या. त्या मनात मोजतच होत्या.

मिनिटभराने लेक म्हणाली, "चार झाली. दाब."

बाईंनी दट्ट्यावर तळवा ठेवला. तो निम्म्यापर्यंत गेला, आणि मग खालून कट्ट असा आवाज आला. प्रेसचा तळ आणि मुठीकडची बाजू एकदम निसटली, आणि सहाशे मिली कढत कॉफी ओट्यावरून बाईंच्या पोटावर, मांड्यांवर, पावलांवर आली. बाई ओरडल्या. ती किंकाळी तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली, असं नंतर शेजारी सांगत होते.

जावई धावत आला. भित्रा असला तरी अशा वेळी तोच कामाचा निघाला. त्याने बाईंना खुर्चीवर बसवलं, तांब्यांवर तांबे गार पाणी ओतलं, लेकीला मलम आणायला पिटाळलं. बाईंचे दात वाजत होते. मांड्यांची कातडी लाल होऊन तिच्यावर फोड धरू लागले होते. लेक मलम घेऊन आली आणि गुडघे टेकून आईच्या पायांना लावायला बसली. तिची बोटं हलकी होती. एवढ्या हलक्या हाताने बाईंनी तिला आयुष्यात कधी काही लावलं नव्हतं.

जावयाने ओट्यावरचा मोठा तुकडा उचलून उजेडात धरला. "आई, ही कड बघा. ताजी नाहीये, मळकट झालीय. हा तडा आधीपासूनचा आहे." त्याने वाकून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "दुकानात तुम्हाला दिसला नाही?"

दिसला नाही म्हटलं की आंधळी. बाईंना हे कळत होतं. आणि दुसरं उत्तर खरं होतं. आजवर त्यांनी खरं बोलायला कुणाची भीड ठेवली नव्हती. आता का ठेवायची? आगीने पाय पेटले होते, आणि समोर हा भला माणूस उभा होता, जो ऐकून घेईल.

"हिला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दुकानदाराने हिला सांगितलं, तडा आहे, दुसरा देतो. ही म्हणाली, तोच बांधा. मी या कानांनी ऐकलंय. हिने मला ओतू दिलं."

जावयाचा पाय जमिनीवर दाबला गेला. त्याने बायकोकडे पाहिलं.

लेकीचा हात थांबला नाही. मलम लावता लावताच ती म्हणाली, "आई, तो विचारत होता, खोक्यात देऊ की पिशवीत." तिचा आवाज इतका मऊ होता की बाईंना तो ओळखता आला नाही. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत? डोळे गेलेच होते. डॉक्टरांचा कागद साखरेच्या डब्याखाली आहे, दोन महिने झाले मला सापडून. आता ऐकूही भलतंच यायला लागलं."

"खोटं!" बाई म्हणाल्या. "माझे कान..."

"पण आई," जावई म्हणाला. तो खरोखरच कळवळून विचारत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "तुम्ही ऐकलं होतंत, तडा आहे म्हणून, तर मग उकळतं पाणी ओतलंत कशाला?"

बाईंनी तोंड उघडलं. यालाही उत्तर होतं. ही थांबवते का ते बघत होते. पण चांगल्या शहाण्या माणसाला हे कसं सांगायचं? पोटची पोर मला भाजू देते का, हे बघायला मी स्वतःच्या अंगावर कॉफी ओतून घेतली, असं म्हणणारी बाई एकटी राहण्याच्या लायकीची आहे, असं कोण म्हणेल? त्यांनी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

जावयाने हळहळून मान हलवली. "मी गाडी आणतो खालून. आधी दवाखान्यात जाऊ. आणि मग," तो लेकीला हळूच म्हणाला, "ती निवासाची जागा या आठवड्यातच बघून टाकू. यांना असं एकटं ठेवणं पाप आहे." एवढं बोलून तो जिना उतरून गेला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. लेकीने केरसुणी घेतली आणि काचा गोळा करायला लागली. ओट्याखालून, शेगडीच्या पायांमधून, एकेक.

"एकदा म्हणाली असतीस," लेक खालमानेने म्हणाली. "एकदाच. मला दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन महिने वाट बघितली मी."

"म्हटलं असतं," बाईंनी विचारलं, "तर नेलं नसतंस तिथे?"

लेक थांबली. तिने खोटं बोलायचं की नाही याचा विचार केला असावा, पण नवरा खाली गेला होता, आणि आता कुणासाठी बोलायचं?

"नेलं तर असतंच," ती म्हणाली. "भाजलं नसतं, एवढंच."

मग तिने केराची सुपली पुढे सरकवली. "पाय वर घे. तुझ्या खुर्चीखाली काच आहे."

बाईंनी पाय वर घेतले.